पाऊल कुठे पडतं?

गोव्याच्या हाफ आयर्नमॅनची तयारी चालू होती. १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि त्यावर २१.१ किलोमीटर धावणं. पोहण्याची, सायकलची मला धास्ती नव्हती. धावताना मात्र बारावा किलोमीटर आला की उजव्या गुडघ्याची वाटी ठणकायला लागायची. बूट बदलले, बर्फ लावला, आठवडाभर विश्रांती घेतली, पण पुन्हा तेच.

शेवटी एका फिजिओकडे गेले. त्यांनी मला ट्रेडमिलवर पळायला लावून बाजूनं मोबाईलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घेतला. पाऊल टेकतं त्या क्षणी चित्र थांबवलं. गुडघा जवळजवळ ताठ, आणि पाऊल कमरेच्या चांगलं वीतभर पुढे! लांब ढांग टाकली की वेग वाढतो, हे शाळेच्या मैदानापासून मनात बसलेलं. प्रत्यक्षात प्रत्येक पावलाला मी ब्रेक मारत होते आणि तो दणका गुडघा सोसत होता.

"टाच आधी टेकते, टेकू दे. ती कुठे टेकते ते बघा," ते म्हणाले.

माझी केडन्स, म्हणजे पावलांचा ताल, मिनिटाला १५८ पावलं होती. १८०चा आकडा सगळ्या धावणाऱ्यांना पाठ असतो. जॅक डॅनियल्स या प्रशिक्षकांनी १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये धावपटूंची पावलं मोजली, तिथून तो आला. पण ते शर्यतीच्या वेगातले ऑलिंपियन. मला फक्त पाच टक्के वाढवायची होती, म्हणजे १६६. वेग तोच, ढांग आखूड.

ठरावीक तालात टिकटिक करणारा मेट्रोनोम लावून पुण्यातल्या तळजाई टेकडीवर सुरुवात केली. पाच मिनिटांत एक मिनिट नव्या तालात, बाकी नेहमीसारखं. पहिले दोन आठवडे फार जड गेले. धाप लागायची, पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या, कारण गुडघ्यावरचा भार थोडा तिकडे सरकला होता. मी घाई केली नाही, हे फार बरं झालं. पोटरी नाहीतर टाचेमागची शीर धरली असती. दीड महिन्यानं मेट्रोनोम बंद केला तरी ताल टिकला.

खरा प्रश्न सायकलनंतरचा होता. उतरल्यावर पाय लाकडाचे होतात, कंबर वाकलेलीच राहते आणि ढांग आपोआप लांबते. त्यावर एक साधा हिशोब कामी आला: पॅडलचे मिनिटाला ८५ फेरे म्हणजे दोन्ही पायांचे मिळून १७० ठोके. म्हणून सायकलच्या शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये जड गिअर सोडून हलका घ्यायचा, फेरे ८५च्या आसपास ठेवायचे. उतरलं की तोच ताल पायात असतो. दर रविवारी सायकल ठेवली की लगेच वीस मिनिटं पळत होते. पहिला किलोमीटर मुद्दाम सावकाश, छाती वर, नजर पुढे.

परवा गोव्यात, मिरामारला सायकल टेकवून पळायला लागले तेव्हा ऊन आणि दमटपणा दोन्ही होते. घड्याळात केडन्स १६७. बारावा किलोमीटर गेला. अठराव्याला मांड्या भरून आल्या होत्या, पण गुडघा गप्प होता.