टर्न-बेस्ड लढाईत टाइमिंग: आधी चाल, मग बटण

टर्न-बेस्ड आरपीजीत, म्हणजे पाळीपाळीने चाल करायच्या व्हिडिओ गेममध्ये, टाइमिंगचं (वाराच्या नेमक्या क्षणी दाबायचं) बटण घालायचं ठरलं की बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, वेळ किती मिलिसेकंद द्यायची? त्याआधी डॅमेजचं (वाराने होणाऱ्या नुकसानीचं) गणित बसवा. योग्य चाल निवडून ज्याचं टाइमिंग चुकलं, तो भलतीच चाल निवडून अचूक बटण दाबणाऱ्याच्या पुढेच राहिला पाहिजे. हे उलटं झालं की चाल निवडायचा मेन्यू नावापुरता उरतो.

मूळ डॅमेज १०० धरा. शत्रूच्या कमजोरीवर मारलं तर दीडपट, अचूक टाइमिंगला सव्वापट. म्हणजे योग्य चाल आणि चुकलेलं बटण मिळून १५०, चुकीची चाल आणि अचूक बटण मिळून १२५. टाइमिंगलाच दुप्पट दिलंत तर कमजोरी शोधायच्या भानगडीत कोणी पडणार नाही.

बचावाचं प्रकरण जास्त नाजूक. पॅरी (आलेला वार ऐन वेळी परतवणं) जमली की डॅमेज शून्य, असं केलं की चिलखत आणि एचपी (पात्राचा उरलेला जीव) दोन्ही निरर्थक होतात. २०२५ च्या ‘क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन ३३’ने ही जोखीम उघडपणे घेतली. तिथे पॅरीला डॉजपेक्षा (वार चुकवण्यापेक्षा) कमी वेळ मिळते, पण बक्षीस मोठं. शिवाय काही हल्ल्यांना उडीच मारावी लागते. एकच बटण सगळीकडे चालत नाही, म्हणून ते टिकतं. लहान गेममध्ये पॅरीला ८० टक्के कपात आणि एक अ‍ॅक्शन पॉइंट (चाली खेळताना खर्चायचा गुण) एवढं पुरे.

आता एकच वार जवळून बघू. समजा अजिंक्यताऱ्याच्या दरवाजात दांडपट्टेवाला पहारेकरी उभा आहे. खांदा मागे जातो: ५०० मिलिसेकंद. पातं क्षणभर थांबतं: १५०. मग वार: १२०. डोळ्यांना दिसल्यावर बोट हलायला साधारण पाव सेकंद जातो, त्यामुळे नुसता वार बघून कुणालाच वेळेवर दाबता येणार नाही. खेळाडू खांद्यावरून मोजायला लागतो आणि पातं थांबलं की तयार होतो. खरी मेहनत या ६५० मिलिसेकंदांवर घ्या. डॉजला वार लागण्याआधीचे २५० द्या, पॅरीला १२०. लागल्यानंतरही ४० मिलिसेकंद माफ करा, म्हणजे डॅमेजचा हिशेब तेवढा उशिरा लावा. ‘मी दाबलं होतं की!’ ही तक्रार बरीच कमी होते.

थांबण्याचा काळ दर वेळी रँडम बदलू नका, मग शिकण्यासारखं काही राहत नाही. हुलकावणी द्यायचीच तर तिचा वेगळा हल्ला करा, वेगळ्या पवित्र्यासह. आणि वार लागायच्या ऐन वेळी कॅमेरा कधीही बदलू नका.

बटण बडवणाऱ्यांसाठी पहिलाच दाब धरा आणि पुढचे ४०० मिलिसेकंद इनपुट बंद ठेवा.

सगळ्यात जास्त घोळ मोबाईलवर होतो. सातारा–सांगली एसटीत बसून खेळणाऱ्याच्या कानात ब्लूटूथ इअरबड्स असतात, आवाज २०० मिलिसेकंदांपर्यंत उशिरा येऊ शकतो. बॅटरी सेव्हर लागला की सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) दाखवणारा गेम ३० वर येऊ शकतो आणि एक फ्रेम १६.७ ऐवजी ३३.३ मिलिसेकंदांची होते. ‘८ फ्रेम’ असं कोडमध्ये लिहिलं असेल तर पॅरीची वेळ फोनगणिक बदलेल. मोजमाप मिलिसेकंदांतच ठेवा आणि दाबण्याची वेळ इनपुटसोबत येते तीच घ्या. युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरच्या नव्या इनपुट सिस्टिममध्ये ती मिळते. इशारा आवाजाचा असला तरी तोच चित्रातही दिसला पाहिजे. सेटिंगमध्ये ठोक्यावर आठ वेळा टॅप करायला लावा, ठोका आणि टॅप यांच्यामधला फरक काढा आणि ०–१५० मिलिसेकंदांच्या मर्यादेत बटणाची वेळ तेवढी सरकवा.

कंटाळ्याचाही विचार करा. ‘द लेजंड ऑफ ड्रॅगून’मधल्या (१९९९) लांबलचक अ‍ॅडिशन (ओळीने बटणं दाबून जोडायचे वार) जमल्या की मजा येते, पण किरकोळ शत्रूवर तीच साखळी शंभरदा नको वाटते. साध्या शत्रूला एक दाब, बॉसला (मुख्य शत्रूला) तीन-चार.

नवख्यासाठी ‘सुपर मारिओ आरपीजी’च्या २०२३ च्या रिमेकमधली युक्ती उत्तम आहे: दाबायच्या क्षणी उद्गारचिन्ह दिसतं आणि जमायला लागलं की ते नाहीसं होतं. ज्यांच्या बोटांना हे झेपत नाही त्यांच्यासाठी टाइमिंग आपोआप लागण्याचा पर्याय पहिल्याच मेन्यूत ठेवा, आणि त्यात सव्वापट नाही तर ११० तरी द्या.