तुम्ही विचारलंत म्हणून: तिकडे टिप किती ठेवायची?

इंदूरच्या आमच्या भिशीत कोणी मुलाकडे अमेरिकेला निघालं की व्हिसा आणि लोणच्याची बरणी यांच्यानंतर तिसरा प्रश्न ठरलेला, काकू, तिकडे टिप किती ठेवायची हो? तर बसून जेवायच्या हॉटेलात टॅक्स सोडून बिलाच्या 18-20 टक्के. हो, एवढी. डोळे मोठे करू नका, माझे करून झालेत.

ह्यूस्टनला पहिल्याच आठवड्यात लेकीने जेवायला नेलं, बिल 60 डॉलर, कार्डने भरून ती गाडी आणायला गेली आणि मला म्हणाली टिप तेवढी तू ठेव, मी ऐटीत 3 डॉलर ठेवले, मनात गुणाकार झालेला ना, अडीचशे रुपये, आणखी काय हवं! गाडीत कळल्यावर ती तशीच परत आत जाऊन दहाची नोट ठेवून आली. मग रस्ताभर शिकवणी. टेक्सासमध्ये मालक वेटरला तासाला 2.13 डॉलर देऊ शकतो, हा आकडा 1991 पासून तिथेच अडकलाय. टिप धरून तासाचे 7.25 डॉलर, म्हणजे किमान वेतन, भरले नाहीत तर उरलेले मालकाने घालायचे, असा कायदा. म्हणजे बक्षीस कसलं, पगारच तो, फक्त गिऱ्हाईकाच्या हातून. कॅलिफोर्नियात पूर्ण किमान वेतन देतात तरी टिपेची रीत तीच, हे काही मला अजून पटलेलं नाही.

जपानात उलटं, टेबलावर पैसे ठेवले तर विसरलात म्हणून मागे धावत येतात.

आपल्याकडे बडीशेपेच्या बशीत दहा-वीस ठेवतो, संपलं. (बिलात सर्व्हिस चार्ज लावला असेल तर काढायला सांगा, 2022 पासून नियम आहे, तो ऐच्छिक.) पण दिवाळीची पोस्त? कामवाल्या मावशींना, कचरागाडीवाल्या पोरांना, ती चुकवून बघा बरं. आणि सराफ्यात, आमच्या रात्रीच्या खाऊबाजारात, टिप द्यायची कोणाला, कढईसमोर मालकच बसलेला असतो.

मागच्या हिवाळ्यात लेक आली होती, राजवाड्याजवळ ठेल्यावर पोहे-जलेबी खाल्ली, 80 झाले, हिने 100 दिले आणि म्हणाली, भिया, बाकी रख लो. त्याने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि वीस रुपयांची जलेबी कागदात बांधून हातात दिली.