एक मी, दोन आडनावं

स्पेनमधल्या वालेन्सियातल्या पहिल्या आठवड्याचं सांगण्यासारखं एवढंच, की १९५७च्या पुरानंतर तूरिया नदी गावाबाहेर वळवली, जुन्या पात्रात लांबच लांब बाग केली, आणि त्या बागेत मी बाकावर बसून पीडीएफ चाळत होते.

पर्यटक म्हणून गेले होते. डिजिटल नोमॅडचा, म्हणजे परदेशी कंपनीचं काम तिथे राहून ऑनलाइन करणाऱ्यांचा, अर्ज वकिलातीतून केला तर एक वर्षाचा व्हिसा, स्पेनमध्ये राहून केला तर तीन वर्षांपर्यंतचा परवाना. हाव सुटली, दुसरं काय!

कंपनी वर्षभराहून जुनी, मी तिथे तीन महिन्यांहून जास्त, पगार स्पेनच्या किमान वेतनाच्या दुप्पट, पोलिसांचा दाखला अपोस्टीलसकट, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणाऱ्या सरकारी शिक्क्यासकट. सगळं जमवलं होतं. घोडं अडलं पदवीवर. पदवी माहेरच्या नावाची, पासपोर्ट सासरच्या. पत्र आलं : कामकाजाच्या दहा दिवसांत खुलासा करा.

वकीलबाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "ही तुमची बहीण?"

"मीच."

"पण मधलं नावही वेगळं आहे."

लग्नानंतर वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव येतं, हे मी मोठ्या उत्साहात सांगायला घेतलं आणि अर्ध्यावरच ओशाळले. तिथे प्रत्येकाला दोन आडनावं, एक वडिलांकडचं, एक आईकडचं. लग्न झालं म्हणून बाईची बदलत नाहीत.

"आणि आईकडचं आडनाव?"

माझ्या एकाही कागदावर नव्हतं.

लग्नाचा दाखला चालला असता, पण तो घरच्या कपाटात. त्यावर अपोस्टील, मग सरकारमान्य अनुवादकाकडून स्पॅनिश भाषांतर. दहा दिवसांत? फोनवर नवऱ्यावर खेकसले. त्या बिचाऱ्याचा काय दोष? कागद मी महिनोन्‌महिने जमवले, एकमेकांशी ताडून मात्र कधी बघितले नाहीत.

सहाव्या दिवशी वकीलबाईंचा फोन : पदवी राहू दे, कायद्याला पदवी किंवा तीन वर्षांचा अनुभव, दोन्हींपैकी एक पुरतं. हे आधी सुचलं असतं तर माझ्या चार रात्री वाचल्या असत्या! नोकऱ्या सगळ्या लग्नानंतरच्या, म्हणजे नाव पासपोर्टबरहुकूम. एचआरच्या पहिल्या पत्रात मी 'मेहनती व मनमिळाऊ' होते, तारखा मात्र नव्हत्या. दुसऱ्यात आल्या. भाषांतरासह कागद नवव्या दिवशी गेले.

परवाना मिळाला. मग ओळखपत्राचा अर्ज आला, त्यात 'दुसरं आडनाव' असा रकाना. आईचं माहेरचं आडनाव लिहावं असं फार वाटलं. पण पुरावा मागितला असता, म्हणून रिकामाच सोडला.