दोन सह्या झाल्या होत्या, तिसरी माझी

मी इंग्लंडात केंटमधे सोशल वर्कर आहे, मूळची सांगलीची. इथे कुणाला त्याच्या मर्जीविरुद्ध मनोरुग्णालयात ठेवायचं असेल तर दोन डॉक्टर लेखी शिफारस देतात, पण ती पुरत नाही, बहुतेक वेळा अर्जावर सही माझ्यासारख्या माणसाची लागते, आम्हाला, म्हणजे या कामाची मान्यता मिळालेल्या अ‍ॅप्रूव्ह्ड मेंटल हेल्थ प्रोफेशनल्सना, इकडे थोडक्यात अ‍ॅम्प म्हणतात. डॉक्टरांचं मत काहीही असो, मी स्वतः त्या माणसाशी बोलून स्वतः ठरवायचं असा कायदा आहे. सही केली की इथल्या मेंटल हेल्थ अ‍ॅक्टच्या सेक्शन 2 खाली तो माणूस 28 दिवसांपर्यंत आत.

ही केस एका हिवाळ्यातली, ओळख पटेल असं सगळं बदललंय. सत्तरी ओलांडलेल्या एकट्या राहणाऱ्या बाई. लेकीचं म्हणणं की आईला भास होतात, रात्री कुणीतरी घरात येऊन वस्तू नेतं असं सांगते, झोपत नाही, शेजाऱ्यांची दारं वाजवते. मी पोचले तोवर दोन्ही डॉक्टरांचे फॉर्म भरून झालेले, बेड मिळालेला, अँब्युलन्स सांगून ठेवलेली, आणि बाई तारस्वरात ओरडत होत्या. लेक मला म्हणाली, बघताय ना तुम्हीच.

अशा वेळी मला हार्नेट आठवतो, नेहमीच. ट्रेनिंगमधे त्याच्याबद्दल ऐकलं होतं, मग खटले शोधून वाचले. विल्यम हार्नेट, इथलाच, केंटचा शेतकरी. नोव्हेंबर 1912 मधे हा वेडा आहे अशा दोन डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर त्याला मॉलिंग प्लेस नावाच्या खाजगी असायलममधे, म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात, ठेवलं. महिन्याभरात भावाच्या ताब्यात 28 दिवसांच्या रजेवर सोडलं, तर हा माणूस दोनच दिवसांनी, 14 डिसेंबरला, आपणहून लंडनच्या सरकारी ऑफिसात गेला, असायलमांवर देखरेख ठेवणारं जे ऑफिस होतं तिथेच, की मला तपासा आणि मी बरा आहे की नाही ते सांगा. तिथल्या डॉक्टर बाँडनी त्याला बघितलं, हा मोकळं सोडण्यासारखा नाही असं ठरवून असायलमला फोन केला आणि गाडी येईपर्यंत काही तास त्याला तिथेच अडकवून ठेवलं. पुढची जवळजवळ नऊ वर्षं तो या असायलममधून त्या असायलममधे. ऑक्टोबर 1921 मधे तो पळाला, बाहेरच्या डॉक्टरांकडून स्वतःला तपासून घेतलं, त्यांना त्याच्यात वेड दिसलं नाही.

मग तो कोर्टात गेला. 1924 मधे ज्युरी म्हणाली की त्या 14 डिसेंबरला हा माणूस शहाणाच होता, आणि 25,000 पौंड भरपाई दिली, त्या काळात ही प्रचंड रक्कम होती. पण वरच्या कोर्टात ते टिकलं नाही, 1925 मधे हाऊस ऑफ लॉर्ड्सनीही, म्हणजे तेव्हाच्या सर्वात वरच्या कोर्टानीही, तेच कायम केलं, की बाँडची जबाबदारी फक्त त्या काही तासांची, पुढे त्याला दुसऱ्यांनी आपापल्या मतानी ठेवून घेतलं. म्हणजे नऊ वर्षांचा धनी कोणीच नाही. मूळ सर्टिफिकेट देणाऱ्या फिशर नावाच्या डॉक्टरवर त्यानी वेगळा दावा लावला, ज्युरीनी निष्काळजीपणा झाला हेही मान्य केलं, पण दाव्याची सहा वर्षांची मुदत तो आत असतानाच संपलेली. वेड्या माणसाला मुदतीत सवलत होती, हार्नेट तर शहाणा ठरलेला, म्हणून त्याला सवलत नाही! 1927 चा निकाल आहे हा. मी तो भाग दोनदा वाचला कारण पहिल्यांदा विश्वासच बसला नाही.

त्या खटल्यानंतर बरेच डॉक्टर सर्टिफिकेट द्यायलाच घाबरायला लागले, रॉयल कमिशन बसलं, 1930 चा नवीन कायदा आला, त्यात स्वखुशीनी दाखल होण्याची सोय झाली आणि डॉक्टरांना दाव्यांपासून संरक्षणही मिळालं. (भारताचा ल्युनसी अ‍ॅक्ट, म्हणजे वेड्यांबद्दलचा कायदा, हार्नेटला आत टाकलं त्याच 1912 चा, तो आपल्याकडे पुढे कितीतरी दशकं चालला, आणि सांगलीकडे काम करताना बऱ्या झालेल्या पण घरचे न्यायलाच येत नाहीत अशा बायका मी पाहिल्यात, त्यावर वेगळं लिहायला हवं.)

तर त्या बाई. मी सगळ्यांना बाहेर थांबायला सांगितलं, चहा केला, त्यांचं ओरडणं थांबेपर्यंत काही विचारलं नाही. घरात चार अनोळखी माणसं शिरून तुम्हाला न्यायची तयारी करत असतील तर कोण ओरडणार नाही, पण कागदावर त्याला अ‍ॅजिटेटेड म्हणतात आणि मग ते आजाराचंच लक्षण होऊन बसतं. शांत झाल्यावर मी विचारलं, काय काय गेलं? त्यांनी ड्रॉवरमधून वही काढली. तारखा, वार, नवऱ्याचं घड्याळ, कपाटातली रोकड, दोन अंगठ्या. बहुतेक सगळे शनिवार-रविवार. मागच्या दाराची किल्ली कुणाकडे आहे म्हटलं तर लेकीकडे एक आणि नातवाकडे एक. कुलूप फोडल्याची खूण कुठेही नाही.

लेकीला आत बोलावून वही दाखवली. ती आधी चिडली, मग तारखा वाचत गेली आणि एकदम गप्प झाली. मुलगा शनिवार-रविवारचा घरी येतो म्हणाली, पैशांची अडचण आहे त्याला. संध्याकाळपर्यंत त्यानी फोनवर घड्याळाचं कबूल केलं.

बाईंची झोप उडालेली होती, वजन उतरलेलं होतं, त्यांना मदत हवीच होती. पण ती घरी देता येत होती. मी सही केली नाही. कुलूपवाला बोलावला, वयस्कर माणसाच्या फसवणुकीची म्हणून रीतसर नोंद केली, जीपीला, म्हणजे त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना, फोन केला, अँब्युलन्स परत पाठवली. एका डॉक्टरांना हे अजिबात पटलं नाही, त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं, आणि ते त्यांच्या जागी प्रामाणिक होते, भास आहेत हे त्यांना लेकीनी सांगितलेलं आणि बाई त्यांच्यासमोर ओरडतच होत्या. दुसऱ्या दिवशी मॅनेजरनी माझ्याकडून लेखी कारणं मागितली. मी वहीतल्या सगळ्या तारखा जशाच्या तशा उतरवून दिल्या.