तिघांवर आधी वार करा

कोड्याच्या डोक्यावर एवढंच लिहिलं होतं: "ठळक चौकटींतल्या उत्तरांपुढे एकच शब्द लावायचा आहे. तिघांवर मात्र आधी वार करावा लागेल. मधल्या आडव्या शब्दाला क्लू नाही, तुमचा तुम्ही ओळखा."

रचणारे आमच्याच सोसायटीतले काका. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते मराठीत गूढ शब्दकोडी, म्हणजे शब्दांच्या खेळात उत्तर दडवणारी इंग्रजी क्रिप्टिकसारखी कोडी, रचतात आणि फोटो काढून आम्हा चार-पाच टाळक्यांना पाठवतात. ग्रिड वहीच्या चौकटीच्या कागदावर, अक्षर सुबक, आणि मदत शून्य.

इंग्रजी क्रिप्टिकची सवय असेल तर मराठीत सुरुवातीला हात अडखळतो. तिकडे अक्षरं सुटी, ढवळली की नवा शब्द तयार. इथे एका चौकटीत अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा-वेलांटीसकट. आडव्यात "ना" असेल तर उभ्यालाही "ना"च लागतो, "न" चालत नाही. म्हणून ढवळाढवळीला वाव कमी. सगळी करामत काना देण्यात, अर्धं अक्षर गाळण्यात आणि डोकं उडवण्यात.

पहिल्यांदा सुटला तो "अशुभाचं डोकं उडवलं, तर तांबडा ग्रह दिसला". अमंगळमधला "अ" गेला, राहिला मंगळ. मग "अर्धा द गाळला की तथागत आकाशात". बुद्धाचा बुध. साडेसातीवाला शनि तर फुकटच दिला होता. तिन्ही ठळक चौकटींत, म्हणजे थीम ग्रहांची. त्यातच "सत्य सोडलं तरी पूजेतला देव उरतो" याचं उत्तर नारायण आलं, आणि सूर्यनारायण म्हणून मी त्यालाही ग्रहमालेत बसवला. वार करायचा म्हणजे अमंगळासारखी डोकी छाटायची, असं धरून मी मंगळाचा "गळ" करून पाहिला, नारायणाचा "रायण" करून पाहिला. काही हाती लागेना.

पुढचं ठळक उत्तर होतं दोन अक्षरी: "लोखंडाला चढतो, दूधही तापवतो". गंज. आता गंज नावाचा ग्रह कुठे असतो? त्यापाठोपाठ "दोनदा नकार दिला तरी प्रकार अनेक", म्हणजे नाना. थीमवाल्या कोड्यात माझा एक नियम आहे. जे उत्तर थीममध्ये बसत नाही, त्याच्याकडेच जास्त वेळ बघायचं. जी चार उत्तरं छान जुळतात ती बहुतेक वेळा रचणाऱ्याने आपल्याला भुलवायला पेरलेली असतात. इंग्रजीत याहून छुपी तऱ्हाही आहे. तिथे थीम असल्याचं सांगतच नाहीत, ग्रिडच्या कडेने एखादं नाव दडवून ठेवतात. त्याला नीना म्हणतात, कारण चित्रकार अल हर्शफेल्ड आपल्या मुलीचं, नीनाचं नाव रेखाचित्रांत लपवत असत. आणि थीम नेहमी गमतीचीच असते असंही नाही. गार्डियन या ब्रिटिश वृत्तपत्रासाठी अरॉकेरिया या टोपणनावाने कोडी रचणारे जॉन ग्रॅहम यांनी जानेवारी 2013 मध्ये आपल्याला अन्ननलिकेचा कर्करोग झाल्याची बातमी वाचकांना कोड्यातूनच कळवली. ती वाचायची तर आधी कोडं सोडवणं भाग होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते गेले. ती हकीकत वाचल्यापासून मी कोड्याच्या डोक्यावरची सूचना वरवर वाचून सोडत नाही.

तर परत काकांच्या सूचनेकडे. तोवर "तुळजापुरात दर्शन, दुकानात पहिली विक्री" यावरून भवानी आली होती, आणि "वाटेच्या तोंडाशी काना दिला, आता आंदोलक अडवणार" यावरून रास्ता. रस्त्याच्या "र"ला काना! या एका क्लूसाठी काकांना चहा पाजायला हवा. गंज, नाना, भवानी, रास्ता हे मी ओळीने मोठ्याने म्हटलं आणि स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या, "भाड्याने जागा बघताय की काय?"

पुण्यातल्या पेठा! ग्रहांवर वार करायचा म्हणजे पुढे "वार" लावायचा: मंगळवार, बुधवार, शनिवार. बाकीच्यांना थेट पेठ. मधल्या चार घरांत उभ्या शब्दाकडून फक्त "शि" आला होता, तिसरा. सदाशिव! क्लू न देता मधोमध बसवला होता. सदाशिव पेठेला ओळखीची गरज नाही, असंच सुचवायचं असणार.

पण तो "शि" आला होता शिवपुरीतून. क्लू होता "महादेवापुढे तळलेली, झालं गाव". शिव अधिक पुरी, बरोबर आहे, पण पुण्याच्या कोड्यात मध्य प्रदेशातलं गाव कशाला? ही चौकट ठळकही नव्हती. सासऱ्यांचं लहानपण रास्ता पेठेतलं. त्यांना विचारलं तर पेपरातून मान वर न करता म्हणाले, "शिवपुरी म्हणजे आमचीच पेठ की. सरदार रास्त्यांचं नाव नंतर लागलं."

मग साध्या चौकटींतली उत्तरं पुन्हा तपासायला घेतली. "जबड्याला जोडून मान, निघाला लंकेला" हा हनुमान निव्वळ भरतीचा वाटला होता. नाना पेठ पूर्वीची हनुमान पेठ. विक्रमाच्या पाठीवरचा वेताळही उगाच नव्हता, गुरुवार पेठेचं जुनं नाव वेताळ पेठ. फक्त गुरुवार मात्र कोड्यात कुठेच दिसेना. सगळी ग्रिड पुन्हा चाळली, आडवी आणि उभी. शेवटी फोन लावला.

"काका, सगळं सुटलं. पण वेताळ ठेवलात आणि गुरू का गाळलात?"

"अगं, गुरूवर वार करायला कसं सांगणार?" म्हणाले आणि फोन ठेवला.