शिरोरेखा पुन्हा काळी झाली: २८८० × १८०० च्या स्क्रीनवर धुरकट अक्षरांचा पाठलाग

नोंद १

लॅपटॉप १४ इंची, २८८० × १८०० पिक्सेल. लिनक्स टाकलं, ग्नोम डेस्कटॉप, वेलँड सेशन (खिडक्या स्क्रीनवर आणायची वेलँड ही नवी पद्धत, एक्स११ ही जुनी). पहिल्याच संध्याकाळी लक्षात आलं की जुन्या, कमी पिक्सेलच्या स्क्रीनवर जी अक्षरं स्वच्छ दिसायची, ती इथे पिंजलेल्या कापसासारखी दिसतायत. बरं, सगळीकडे तसं नाही. टर्मिनल काचेसारखं लख्ख, फाइल मॅनेजर छान, कोड एडिटर धुरकट, आणि माझा जुना टेक्स्ट एडिटर या दोन्हींच्या मधलाच काहीतरी.

आधी आकडेमोड, कारण पुढे ती सारखी लागते. या स्क्रीनचा कर्ण साधारण ३३९६ पिक्सेलचा. त्याला १४ ने भागलं की इंचाला २४३ च्या आसपास पिक्सेल येतात. डेस्कटॉपचा जुना हिशोब इंचाला ९६ धरून बसवलेला आहे. म्हणजे काहीच स्केलिंग (सगळं ठरावीक पटीत मोठं करणं) केलं नाही तर सगळं अडीच पट बारीक. लॅपटॉप डोळ्यांच्या जवळ असतो, त्यामुळे पूर्ण अडीच पट मोठं करायची गरज पडत नाही. मला १.७५ पट बरोबर वाटतं. १५० टक्क्यांवर तासाभरात डोळे ओढायला लागतात आणि २०० वर खिडकीत मजकूरच मावत नाही.

ग्नोममधलं अपूर्णांकी स्केलिंग (दीड, पावणेदोन अशा पटीतलं) चालू केलं, सध्यापुरतं १५० टक्के. आणि धुरकटपणाचा दोष फॉन्टच्या माथी मारून कामाला लागलो.

नोंद २

तीन संध्याकाळी फॉन्टवर गेल्या. हिंटिंग (अक्षराच्या रेषा पिक्सेलवर बसवणं) पूर्ण, हलकं, बंद. सबपिक्सेल (पिक्सेलमधले लाल-हिरवे-निळे भाग वेगवेगळे वापरणं) चालू, बंद. फॉन्टकॉन्फिगची, म्हणजे फॉन्टच्या सेटिंगची, फाइल दहादा लिहिली. फरक पडत होता, पण तो अक्षराच्या जाडीत. धुकं जागच्या जागी.

शेवटी घड्याळ दुरुस्तीचं भिंग काढलं आणि स्क्रीनला टेकवलं. हे करून बघाच. मोठ्या अक्षरात काही कळत नाही, ‘नमस्कार’सारखा साधा शब्द नेहमीच्या आकारात घ्यायचा आणि फक्त शिरोरेखा बघायची. देवनागरीचं हे मोठं भाग्य आहे: प्रत्येक शब्दावर एक आडवी पट्टी आयती मिळते, आणि आडव्या पट्टीसारखी धुरकटपणाची दुसरी परीक्षा नाही.

नव्या टेक्स्ट एडिटरमध्ये शिरोरेखा म्हणजे सरळ काळी पट्टी, वरची-खालची कड कापल्यासारखी. जुन्या एडिटरमध्ये तोच फॉन्ट, तोच आकार, पण पहिल्या ओळीत एक काळी रांग आणि तिच्याखाली एक करडी रांग. दुसऱ्या ओळीत करडी वर, काळी खाली. तिसरीत पुन्हा पहिल्यासारखं. कोड एडिटरमध्ये तर धड काळं काहीच नाही, सगळंच पुसट.

इथे डोक्यात प्रकाश पडला. दोष फॉन्टचा असता तर तो प्रत्येक ओळीत सारखाच दिसायला हवा होता. ओळीगणिक बदलतोय याचा अर्थ अक्षर आधी नीट काढलं गेलंय आणि नंतर कुणीतरी ते अख्खं चित्र ताणलंय किंवा दाबलंय. तेव्हा प्रश्न एवढाच उरला: कुठल्या खिडकीचं चित्र कोण ताणतंय?

नोंद ३

ज्या दिवशी खिडक्यांची वर्गवारी केली त्या दिवशी निम्मं काम झालं. पहिला प्रश्न, खिडकी वेलँडची की जुन्या एक्स११ ची? याला सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे एक्सआयज, ते माउसकडे बघणारे दोन डोळे. वेलँडवर ते फक्त एक्स११ च्या खिडक्यांवरचा माउस ओळखतात. डोळे चालू ठेवायचे आणि एकेका खिडकीवरून माउस फिरवायचा. डोळे फिरले तर खिडकी एक्स११ ची, थिजले तर वेलँडची. कोड एडिटरवर डोळे फिरले. जावाच्या डायग्रामवाल्या टूलवर फिरले. जुन्या टेक्स्ट एडिटरवर थिजले, म्हणजे तो वेलँडचा असूनही धुरकट होता. यादीच हवी असेल तर एक्सएलएसक्लायंट्स ही कमांड आहे, पण डोळ्यांनी पटकन खात्री पटते.

आता कारणं. माझ्या सेटिंगवर तीन वेगवेगळ्या गोष्टी घडत होत्या.

एक्स११ च्या खिडक्यांना स्केलिंगची गंधवार्ताच नाही. त्या १०० टक्क्यांनी काढल्या जातात आणि डेस्कटॉप त्यांचं चित्र दीडपट ताणतो. कोड एडिटर पुसट का, त्याचं उत्तर हे.

जीटीके ३ वर (खिडक्या-बटणं काढून देणारी लायब्ररी) बनलेली सॉफ्टवेअर वेलँडवर चालतात, पण त्यांना फक्त पूर्णांक कळतो: एक, दोन, तीन. दीड मागितलं की ती दोनपट काढतात आणि डेस्कटॉप ते चित्र पाऊणपट करतो. दोन पिक्सेल जाडीची शिरोरेखा दीड पिक्सेलची होते. अर्धा पिक्सेल असा काही नसतो, म्हणून एक रांग पूर्ण काळी आणि शेजारची अर्धी करडी. करडी वर येणार की खाली, हे ती ओळ कितव्या पिक्सेलपासून सुरू होते त्यावर ठरतं. काही ओळींत तर मधली काळी आणि दोन्ही बाजूंना पाव-पाव छटा येते. भिंगातून जे दिसलं होतं ते कागदावर तंतोतंत जुळलं, तेव्हा फार आनंद झाला.

आणि तिसरा प्रकार म्हणजे लख्ख दिसणाऱ्या खिडक्या. वेलँडमध्ये अपूर्णांकी स्केलिंगचा वेगळा प्रोटोकॉल २०२२ च्या शेवटी आला. त्यात डेस्कटॉप खिडकीला नेमका गुणक कळवतो, १२० च्या भाषेत: दीडपट म्हणजे १८०, पावणेदोन म्हणजे २१०. खिडकी मग थेट त्या मापात अक्षर काढते, मध्ये कुणी ताणत नाही. जीटीकेमध्ये हे ४.१४ पासून नीट आलं. क्यूटी ६ (जीटीकेसारखीच दुसरी लायब्ररी) अपूर्णांक आहे तसा स्वीकारते, क्यूटी ५ मात्र मुळात तो पूर्णांकावर नेते.

नोंद ४

एकेक खिडकी धरून सोडवली. फायरफॉक्सला काही करावं लागलं नाही, १२१ पासून तो वेलँडवर आपोआप वेलँडचाच चालतो.

कोड एडिटर इलेक्ट्रॉनवर, म्हणजे ब्राउझरच्या पायावर सॉफ्टवेअर बनवायच्या चौकटीवर, बनलेला. त्याच्या सुरू होण्याच्या ओळीत ओझोन-प्लॅटफॉर्म-हिंट हा पर्याय ‘ऑटो’ करून जोडला, पुन्हा उघडला, डोळे थिजले! शिरोरेखा काळी. पण दोन दिवसांनी अपडेट आलं आणि पुन्हा सगळं पुसट, कारण मी सिस्टिमच्या फोल्डरमधली मूळ डेस्कटॉप फाइलच (सुरू होण्याची ती ओळ जिच्यात असते) बदलली होती आणि अपडेटने ती पुन्हा लिहिली. त्या फाइलची प्रत होम फोल्डरमधल्या डॉट-लोकलच्या आत, शेअर-अ‍ॅप्लिकेशन्समध्ये ठेवायची आणि तिथे बदल करायचा. सिस्टिम आधी तुमची प्रत बघते.

चित्रांवर काम करायचं गिम्प २.१० अजून जीटीके २ वर होतं, त्याला स्केलिंग माहीतच नाही. मार्च २०२५ मध्ये आलेलं ३.० जीटीके ३ वर आहे. ते टाकलं.

जावाच्या टूलला सन.जावा२डी.यूआयस्केल हा पर्याय २ देता येतो, पण एक्स११ ची खिडकी वरून ताणली जात असताना तो देण्यात अर्थ नाही. आधीच ताणलेलं चित्र आणखी मोठं होतं. ते पुढच्या नोंदीसाठी ठेवलं.

नोंद ५

इथे एक गोष्ट सापडली, ती आधी माहीत असती तर निम्मा आठवडा वाचला असता.

अपूर्णांकी स्केलिंगचं बटण चालू ठेवून मी सहज २०० टक्के करून बघितलं. पूर्णांक आहे, म्हणजे सगळंच लख्ख दिसायला हवं. जीटीके ३ ची खिडकी लख्ख झाली. पण जावाची खिडकी? अजून धुरकट! बराच वेळ कळेना. गोम अशी की ते बटण चालू असताना ग्नोमचा सगळा हिशोब बदलतो आणि एक्स११ च्या खिडक्या १०० टक्क्यांनी काढून मगच ताणल्या जातात, मग गुणक दीड असो की दोन. बटण बंद करून २०० निवडलं की एक्स११ च्या खिडक्यांना स्क्रीनचे खरे पिक्सेल मिळतात. ज्यांना स्वतः मोठं व्हायचं कळतं त्या मोठ्या आणि लख्ख होतात. ज्यांना कळत नाही त्या मुंगीएवढ्या होतात, पण लख्ख. आणि मुंगीएवढ्या खिडकीवर इलाज असतो. जावाला यूआयस्केल २ दिला. विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवणाऱ्या वाइनच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्सच्या पानावर डीपीआय (इंचाला पिक्सेल) ९६ चा १९२ केला. दोन्ही सुरेख.

ग्नोम ४७ मध्ये यासाठी एक्सवेलँड-नेटिव्ह-स्केलिंग नावाची प्रायोगिक सोय आली आहे. ती चालू केली की एक्स११ च्या खिडक्या वरच्या पूर्णांकाने काढल्या जातात आणि मग खाली आणल्या जातात. १५० वर ठेवून बघितली. आधीपेक्षा खूप बरी, पण मग शिरोरेखेची तीच करडी रांग. केडीई प्लाझ्मा हा दुसरा डेस्कटॉप पेनड्राइव्हवरून चालवून बघितला. तिथे जुन्या एक्स११ च्या खिडक्यांनी स्वतः मोठं व्हायचं की सिस्टिमने त्यांना ताणायचं, हे एका सेटिंगमध्ये निवडता येतं. या बाबतीत प्लाझ्मा पुढे आहे असं माझं स्पष्ट मत झालं. पण हात ग्नोमला सरावलेला आहे, म्हणून ग्नोममध्येच वाट काढायची ठरवली.

नोंद ६

१५० टक्क्यांना २८८० × १८०० चे बरोबर १९२० × १२०० होतात. १७५ ला २८८० भागिले १.७५ म्हणजे १६४५.७, भाग जात नाही. ग्नोम अशा वेळी भाग जाईल असा जवळचा गुणक शोधून घेतो, म्हणजे सेटिंगमध्ये १७५ लिहिलेलं असलं तरी आतला आकडा किंचित वेगळा. मला हवं असलेलं माप नेमकं हेच होतं, आणि नेमकं तेच सगळ्यात अडचणीचं.

मग सुचलं की मला मोठं-लहान करायचंय ते मुळात अक्षर. आयकॉन आणि बटणं दोनपट असली तरी माझं काही अडत नाही. ग्नोममध्ये टेक्स्ट-स्केलिंग-फॅक्टर नावाचा वेगळा गुणक आहे. तो चित्र ताणत नाही. तो खिडकीला सांगतो की फॉन्टच एवढ्या आकाराचा घे. फॉन्ट रेषांच्या गणितातून काढला जातो, त्यामुळे कुठल्याही मापात तो थेट पिक्सेलवरच उतरतो. स्क्रीन २००, अपूर्णांकी स्केलिंगचं बटण बंद, अक्षरांचा गुणक ०.८७५. दोन गुणिले ०.८७५ म्हणजे १.७५!

११ पॉइंटचा फॉन्ट १०० टक्क्यांना १४.७ पिक्सेलचा असतो. आता तो २५.७ पिक्सेलचा झाला आणि मध्ये कुणाचा हात लागला नाही. भिंग लावलं. जुना एडिटर, जावाचं टूल, फाइल मॅनेजर, सगळीकडे शिरोरेखा दोन्ही बाजूंनी कापल्यासारखी. ‘र्‍य’मधला अर्ध्या ‘र’चा छोटा आकडासुद्धा वेगळा वाचता येतो. कोड एडिटरमध्ये फॉन्टचा आकार त्याच्याच सेटिंगमध्ये ठरवला.

बटणं थोडी ऐसपैस वाटतात. दोन दिवसांत डोळ्यांना सवय झाली.

नोंद ७

फॉन्टकडे आता परत आलो, पण पाच मिनिटांसाठी. इंचाला २४३ पिक्सेल असताना सबपिक्सेलची गरज उरत नाही, उलट उभ्या काना-दंडाच्या कडेला लालसर-निळसर झाक येते. ते बंद, साधी करडी छटा, हिंटिंग हलकं. हलकं हिंटिंग अक्षराला फक्त उभ्या दिशेत पिक्सेलवर बसवतं, म्हणजे फायदा नेमका शिरोरेखेला होतो आणि अक्षरांची रुंदी बिघडत नाही.

बूट होतानाचा काळा कन्सोलही वाचता येत नव्हता. कन्सोलच्या सेटिंगच्या व्हीकन्सोल फाइलमध्ये टर्मिनस हा ३२ पिक्सेलवाला फॉन्ट दिला, झालं.

नोंद ८

आता अडलेलं काम. टेबलावर २४ इंची १९२० × १०८० मॉनिटर आहे, इंचाला ९२ पिक्सेल. वेलँडवर दोन्ही स्क्रीनना वेगळं स्केलिंग देता येतं: लॅपटॉपला २००, मॉनिटरला १००. पण अक्षरांचा तो ०.८७५ चा गुणक दोन्हींना एकच लागतो. मॉनिटरवर ११ पॉइंटचं अक्षर जेमतेम १३ पिक्सेलचं होतं. इंग्रजी कसंबसं वाचता येतं, पण ‘ष्ट्र’, ‘द्ध्य’ यांचा गोळा होतो. जावाच्या टूलला तर दोनाचा गुणक पक्का चिकटलेला, ते मॉनिटरवर नेलं की दुप्पट मोठं.

सध्या कीबोर्डवर दोन शॉर्टकट बांधलेत. एक गुणक १ करतो, दुसरा ०.८७५. मॉनिटर जोडला की पहिला दाबतो, काढला की दुसरा. जीटीकेच्या खिडक्या लगेच बदलतात, बंद कराव्या लागत नाहीत. मॉनिटर जोडल्याची खूण पकडून हे आपोआप करणारी छोटी स्क्रिप्ट या शनिवारी लिहायला घेतोय. जावाचं टूल तोवर लॅपटॉपच्याच स्क्रीनवर.