चिठ्ठीशिवाय हात लावणार नाही

इंग्लंडात कुत्र्याला फिजिओकडे न्यायचं तरी डॉक्टरची चिठ्ठी लागते. मोतीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, टाके निघाले, मी लगेच फोन केला. उत्तर आलं, आधी तुमच्या व्हेटचं, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरचं, रेफरल येऊ दे. इथे २०१५ चा सरकारी आदेशच आहे तसा. चिठ्ठी येईपर्यंत मोती लंगडत होता आणि माझा नुसता संताप होत होता. त्यात विसंगती बघा: माणसांसाठी 'फिजिओथेरपिस्ट' हे नाव नोंदणीशिवाय लावता येत नाही, पण जनावरांचा फिजिओ म्हणून पाटी कुणीही लावू शकतं! आम्ही नोंदणी असलेली बाई शोधून काढली.

तिचं काम पाहिलं आणि राग ओसरला. काचेच्या टाकीत चालता पट्टा. मोती आत शिरला की दार बंद, खालून कोमट पाणी चढायला लागतं. पाणी गुडघ्यापर्यंत असेल तर पायांवर वजनाचा साधारण ८५ टक्के भार राहतो, खुब्यापर्यंत आलं की जेमतेम ३८. म्हणजे दुखऱ्या पायावर किती भार द्यायचा ते पाण्याच्या उंचीवर ठरतं. बाई काचेला नाक लावून फक्त त्याचा पंजा बघत होती. नुसती नखं टेकतायत की पूर्ण तळवा? तळवा टेकला तशी तिने पट्ट्याची गती किंचित वाढवली. मला रडू आलं.

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अगं, कुत्र्यासाठी एवढा खर्च?" बराचसा विम्यातून गेला, हे मी तिला दोनदा सांगितलं. पण आमची गाय आजारी पडली की आजोबा रात्रभर गोठ्यात बसायचे, शेकायचे, पाय चोळायचे. जीव लावणं इथल्यांनी आपल्याला शिकवायला नको. मुंबईत परळचं जनावरांचं हॉस्पिटल १८८० च्या दशकापासून आहे. आपल्याकडे कमी पडतं ते ऑपरेशननंतरच्या दोन-तीन महिन्यांत. हाड जुळलं की झालं, असं धरून चालतो आपण. तोवर मांडीचा स्नायू पार सुकलेला असतो.

आणि मोतीसारखं एका गुडघ्याचं लिगामेंट, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारा दोर, गेलेल्या कुत्र्यांपैकी जवळपास निम्म्यांचं दुसऱ्याचंही जातं, म्हणून मोतीचे व्यायाम चालूच आहेत. त्यातला मुख्य व्यायाम म्हणजे घसरणार नाही अशा सतरंजीवर सरळ बसवायचं, उठवायचं, पुन्हा बसवायचं. त्याला टाकी लागत नाही. गावी कुणाच्या कुत्र्याचं ऑपरेशन झालं असेल तर हा कधीपासून करायचा, एवढं डॉक्टरांना जरूर विचारा.